आत काय भरलंय? प्रवासी अंथरूण-पांघरुणाचा कस्टम कोड कसा ठरतो

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालणाऱ्यांच्या पाठीवर आता घोंगडीच्या वळकटीऐवजी स्लीपिंग बॅग दिसते. तिच्यात घालायचं पातळ रेशमी लायनर, एसटीत मान टेकायला अर्धगोल उशी, मुठीएवढ्या पिशवीत मावणारं फ्लीसचं पांघरूण हे सामानही सोबत असतं. कोल्हापुरात शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या दुकानदारानं हा माल मुंबईच्या घाऊक पेठेतून न उचलता थेट परदेशातून मागवायचं ठरवलं, तर भावाच्या आधी कोडाचा प्रश्न समोर येतो. एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेल्या या चार वस्तू कस्टमच्या पुस्तकात चार वेगळ्या जागी बसू शकतात. जागा चुकली की ड्युटी चुकते, आणि ती चूक वर्ष-दोन वर्षांनी व्याजासकट परत येते.

पुरवठादार आपल्या कॅटलॉगमध्ये सगळ्याला सरसकट 'ट्रॅव्हल बेडिंग' म्हणतो. टॅरिफमध्ये, म्हणजे कस्टमच्या कोड आणि दरांच्या पुस्तकात, या नावाची जागाच नाही. तिथं आधी बघितलं जातं की वस्तू कशाची आहे, कशी बनवली आहे आणि तिच्या आत काही भरलंय का. या तीन प्रश्नांची उत्तरं माल हातात घेऊन काढली, तर निम्मं काम तिथंच संपतं.

कोड वाचायचा कसा

भारतात आयातीचा कोड आठ अंकी असतो. पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंकांचं होतं हेडिंग, सहा अंकांचं सबहेडिंग. इथपर्यंतचे सहा आकडे जागतिक कस्टम संघटनेच्या पद्धतीप्रमाणे बहुतेक सगळ्या देशांत सारखे असतात. शेवटचे दोन आकडे आपल्या देशाचे. म्हणून पुरवठादारानं दिलेल्या दहा अंकी कोडातले पहिले सहा तपासायला उपयोगी पडतात, पुढचे त्याच्या देशाचे असल्यामुळे आपल्या कामाचे नसतात. पहिले सहासुद्धा डोळे झाकून घेऊ नयेत. तो कोड त्यानं स्वतःच्या निर्यातीच्या सोयीनं लावलेला असू शकतो, आणि आपल्याकडे जबाबदारी आयातदाराची असते. २०११ पासून कस्टम कायद्याच्या कलम १७ नुसार आयातदारानं स्वतःच वर्गीकरण करून ड्युटी काढायची असते. अधिकारी ते पडताळतो.

पुस्तकाची आवृत्तीही बघा. सध्याची रचना १ जानेवारी २०२२ पासूनची आहे. त्या वेळी रजया, दुलया, पलंगपोस यांना ९४०४.४० असं स्वतंत्र सबहेडिंग मिळालं; आधी त्या ९४०४.९० मध्ये होत्या. जुन्या बिलावरून कोड उतरवणारे इथंच फसतात. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ ला लागू व्हायची आहे.

घरातल्या वळकटीवरून सुरुवात करू

आपल्या घरातलं अंथरूण-पांघरूण एकेक करून टॅरिफमध्ये ठेवलं की नकाशा डोक्यात पक्का बसतो. लोकरीची घोंगडी ६३०१ मध्ये जाते. हे ब्लँकेट आणि प्रवासी शालींचं हेडिंग आहे. पांघरुणाच्या या सगळ्या यादीत 'प्रवासी' हा शब्द हेडिंगमध्येच येतो तो इथं. बेडशीट, उशीचा अभ्रा, रजईची खोळ, गादीची खोळ ६३०२ मध्ये. पलंगावर शोभेसाठी घालायचा पलंगपोस, भरण नसेल तर, ६३०४ मध्ये, आणि मच्छरदाणीही तिथंच. भरलेली उशी, गादी, रजई यांचं हेडिंग ९४०४, म्हणजे कापडाचा विभाग सोडून थेट फर्निचरच्या प्रकरणात. आपली वाकळ घेतली, जिच्यात जुन्या लुगड्यांचे थर दोन कापडांच्या मध्ये घालून टाके मारलेले असतात, तर तीही आत थर भरल्यामुळे रजईच्या बाजूला झुकते.

अभ्रा ६३०२ मध्ये आणि त्यात उशी घातली की ९४०४, हा फरक नीट समजला तर पुढचं सगळं सोपं जातं. कापडाच्या विभागाच्या पहिल्याच टिपेत लिहिलंय की ९४व्या प्रकरणातल्या वस्तू या विभागात येत नाहीत. म्हणून सुरुवात नेहमी ९४०४ पासून करायची: वस्तूत स्प्रिंग आहे का, भरण आहे का, आत काही बसवलंय का, की ती फोमची किंवा फोम रबराची आहे? यातलं एक जरी 'हो' आलं, तर अंथरूण-पांघरूण ९४०४ कडे जातं. सगळी उत्तरं 'नाही' आली, तरच ६३व्या प्रकरणाचं पान उघडायचं.

'चादर' या शब्दापासून सावध राहा. मराठीत आपण अंथरतो ती चादर, पांघरतो ती चादर आणि पलंगावर टाकतो तीही चादर. टॅरिफमध्ये हे अनुक्रमे ६३०२, ६३०१ आणि ६३०४. एजंटला फोनवर 'चादरी आहेत' एवढंच सांगितलं, तर तो त्याच्या समजुतीनं कोड लावणार.

स्लीपिंग बॅग आणि तिचं लायनर

भरलेली स्लीपिंग बॅग सरळ आहे: ९४०४.३०. भरण पिसांचं असो, पॉलिस्टर तंतूंचं असो की कापसाचं, हेडिंग बदलत नाही. भारतीय आठ अंकांत मात्र पिसांची आणि इतर अशी फोड आहे, त्यामुळे भरण काय आहे ते इनव्हॉइसवर लिहिलेलं हवं.

खरी अडचण लायनरची. लायनर म्हणजे दोन मीटरच्या आसपास लांबीची, पातळ कापडाची, तीन बाजूंनी शिवलेली पिशवी. तिच्यात झोपतात. कोणी तिला स्लीपिंग बॅगच्या आत घालतं, कोणी धर्मशाळेतल्या गादीवर नुसतीच वापरतं. नाव 'स्लीपिंग बॅग लायनर' असल्यामुळे बरेचजण ९४०४.३० लावून मोकळे होतात. पण आत भरण नाही. कापडाचा एकच पदर आहे. ९४०४ ची मूळ अटच पुरी होत नाही.

मग ती काय? तिचं काम बेडशीट आणि खोळीचंच आहे: अंग आणि गादी, किंवा अंग आणि बॅग, यांच्यामध्ये धुता येणारं कापड असावं. ते बघता ६३०२, म्हणजे झोपण्याच्या कापडी सामानाचं हेडिंग, सगळ्यांत जवळचं वाटतं. दुसरी बाजू अशी की ही बेडवर अंथरायची वस्तू नाही, कॅम्पिंगच्या सामानाचा भाग आहे, म्हणून 'इतर तयार कापडी वस्तू' हे ६३०७.९० लावावं. आमच्या मते ६३०२ ची बाजू भक्कम आहे. टॅरिफच्या वर्गीकरण नियमांतला नियम ३(अ) सांगतो की नेमकं वर्णन करणारं हेडिंग ढोबळ हेडिंगच्या आधी घ्यायचं, आणि ६३०७ हे उरलंसुरलं गोळा करणारं हेडिंग आहे. तरीही हा वाद होऊ शकणारा माल आहे हे धरूनच पुढं जावं. मोठी मागणी असेल तर खाली सांगितलेला आगाऊ निवाडा घ्यावा.

६३०२ ठरलं की सहा अंकांसाठी तीन प्रश्न, याच क्रमानं. कापड होजिअरीचं आहे का? असेल तर ६३०२.१०, मग ते सुती असो की पॉलिस्टर. होजिअरी नसेल तर छापील आहे का? छापील सुती ६३०२.२१, छापील कृत्रिम तंतूंचं ६३०२.२२, छापील इतर, उदाहरणार्थ रेशीम, ६३०२.२९. छापील नसेल तर सुती ६३०२.३१, कृत्रिम ६३०२.३२, रेशीम वगैरे ६३०२.३९. म्हणजे एकाच आकाराची, एकाच कामाची चार लायनर चार कोडांत जातात: ताणलं जाणारं जर्सीचं, साधं सुती, साधं रेशमी आणि फुलाफुलांचं पॉलिस्टरचं.

इथं मराठीची एक अडचण सांगायलाच हवी. आपण मागावरचं कापडही 'विणलेलं' म्हणतो आणि सुईवरचा स्वेटरही 'विणलेला'. टॅरिफमध्ये या फरकावर सगळं अवलंबून असतं. इचलकरंजीत कोणालाही विचारा, तो कडेचा एक धागा ओढून दाखवेल: मागावरच्या कापडात उभा आणि आडवा असे दोन वेगळे धागे सुटे होतात, होजिअरीत एकच धागा फास सोडत उसवत जातो. त्यामुळे कागदावर 'विणलेलं' हा शब्द एकटा वापरू नका. 'मागावरचं' किंवा 'होजिअरीचं' असं स्पष्ट लिहा.

छापील की रंगीत, हेही उलट्या बाजूनं बघायचं. रंगवलेल्या सुतानं मागावर चौकडी काढली असेल, तर ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि ते कापड छापील धरत नाहीत. नक्षी एका बाजूला गडद आणि मागं फिकी असेल, तर बहुधा छपाई आहे.

फ्लीसचं पांघरूण आणि उघडी कड

फ्लीसचं प्रवासी पांघरूण पॉलिस्टरचं असेल तर ६३०१.४०. वायरनं तापणारं ब्लँकेट असेल तर ते कुठल्याही तंतूचं असो, ६३०१.१०. लोकरीचं ६३०१.२०, सुती ६३०१.३०.

घोळ होतो तो कडेमुळे. ६३व्या प्रकरणाचा हा भाग फक्त 'तयार' वस्तूंसाठी आहे, आणि तयार म्हणजे काय ते कापड विभागाच्या टीप ७ मध्ये लिहिलंय: कड दुमडून शिवलेली, भाग जोडून शिवलेले, चौकोनाखेरीज वेगळ्या आकारात कापलेलं, किंवा मागावरूनच वापरायच्या अवस्थेत उतरलेलं. कारखान्यानं फ्लीसच्या ताग्यातून नुसते आयत कापले, कड शिवली नाही आणि रिबीन बांधून पाठवले, तर तो माल ब्लँकेट न धरता ६०व्या प्रकरणातलं होजिअरी कापड ठरू शकतो. ड्युटीचा दर वेगळा, अटी वेगळ्या. नमुना मागवतानाच कड दुमडून शिवलेली आहे का ते बघून घ्या. नसेल तर ती दुमडून शिवून पाठवायला सांगा.

हुड आणि बाह्या असलेलं पांघरूण कपडा की ब्लँकेट, हा प्रश्न अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला होता. २०१७ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानं 'स्नगी' नावाचं बाह्यांचं पांघरूण ब्लँकेट आहे असं ठरवलं. आपल्या अधिकाऱ्यांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवाद कसा चालतो ते त्यातून समजतं.

मिश्र कापडाची बेरीज

सगळ्यांत जास्त चुका इथं होतात. लेबलवर ४५ टक्के कापूस, ३० टक्के पॉलिस्टर, २५ टक्के व्हिस्कोस असं लिहिलेलं असतं. कापूस सर्वांत जास्त दिसतो म्हणून सुतीचा कोड लावला जातो. तो चुकीचा.

नियम असा: आधी प्रकरण ठरवायचं, मग त्या प्रकरणातलं हेडिंग. आखूड पॉलिस्टर तंतू आणि आखूड व्हिस्कोस तंतू दोन्ही ५५व्या प्रकरणातले. त्यांचं वजन एकत्र धरायचं: ३० अधिक २५, म्हणजे ५५ टक्के. कापूस ४५. म्हणून कापड कृत्रिम तंतूंचं. लांब अखंड धाग्यांचं ५४वं प्रकरण आणि आखूड तंतूंचं ५५वं, ही दोन्हीसुद्धा तिसऱ्या प्रकरणाशी तुलना करताना एकच धरायची असतात, त्यामुळे 'आमचं पॉलिस्टर अखंड धाग्याचं आहे' असं म्हणूनही सुटका होत नाही. बेडशीटला एवढं पुरतं, कारण ६३०२ मध्ये पॉलिस्टर आणि व्हिस्कोस एकाच गटात येतात. ब्लँकेटला पुरत नाही. ६३०१.४० फक्त सिंथेटिकसाठी आहे, व्हिस्कोस त्यात येत नाही. तिथं पुढची पायरी चढून ५५व्या प्रकरणात पॉलिस्टर जास्त की व्हिस्कोस ते बघावं लागतं. आपल्या उदाहरणात पॉलिस्टर जास्त, म्हणून ६३०१.४०.

नेमकं ५०-५० कापूस-पॉलिस्टर असेल, तर क्रमांकानं जे शेवटी येतं ते घ्यायचं. कापूस ५२व्यात, पॉलिस्टर ५५व्यात, म्हणून पॉलिस्टर.

टक्केवारी वजनाची असते, क्षेत्रफळाची किंवा किमतीची नाही. आणि ती लेबलवर विसंबून घेऊ नये. जळालेल्या धाग्याला केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन, ही परीक्षा दुकानात करायला ठीक आहे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचं आयातीचं विवरणपत्र, त्यावर भरू नये. मालाच्या आधी एक नमुना मागवून वस्त्र प्रयोगशाळेत तंतूंचं प्रमाण आणि प्रति चौरस मीटर वजन काढून घ्या.

उश्या, हवा आणि फोम

मेमरी फोमची मानेची उशी ९४०४.९०. छोट्या गोळ्या किंवा तंतू भरलेली असली तरी तीच.

फुगवायची उशी मात्र ९४०४ मध्ये जात नाही. ९४व्या प्रकरणाच्या पहिल्या टिपेत हवेच्या आणि पाण्याच्या गाद्या-उश्या मुद्दाम वगळल्या आहेत. त्या ज्या पदार्थाच्या असतील तिकडे जातात. नुसत्या पीव्हीसीची असेल तर ३९व्या प्रकरणात, रबराची ४०व्यात, कापडाची ६३व्यात. हवेची कापडी गादी ६३०६.४०. प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड असेल तर ते कापड धरायचं की प्लॅस्टिक, यासाठी ५९व्या प्रकरणातली टीप वाचावी लागते. थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो का, कापड त्यात पूर्ण बुडालंय का, असे त्यातले निकष आहेत. आत फोम असलेली आणि झडप उघडली की आपोआप फुगणारी चटई हवेची म्हणायची की फोमची, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. अंगाचा भार मुख्यतः कोण पेलतं हे कारखान्याच्या तांत्रिक पत्रकातून दाखवावं लागतं.

चकाकणारं 'इमर्जन्सी ब्लँकेट' हे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिकचं पातळ पान असतं. नावात ब्लँकेट असलं तरी ते कापड नाही, त्यामुळे ६३०१ त्याला लागत नाही. ते ३९व्या प्रकरणात शोधायचं.

एका पिशवीत चार वस्तू

मानेची उशी, डोळ्यांवरची पट्टी, पांघरूण आणि कानातले बोळे एका चेनच्या पिशवीत घालून 'ट्रॅव्हल सेट' म्हणून विकतात. हा टॅरिफच्या अर्थानं 'किरकोळ विक्रीचा संच' ठरायला तीन अटी आहेत: किमान दोन वस्तू वेगवेगळ्या हेडिंगच्या हव्यात, त्या एकाच गरजेसाठी एकत्र ठेवलेल्या हव्यात, आणि पुन्हा न बांधता ग्राहकाला देता यायला हव्यात. प्रवासात झोपणं ही एक गरज आहे, त्यामुळे अटी पुऱ्या होतात. मग ज्या वस्तूमुळे संचाला संचपण येतं तिचा कोड सगळ्यांना. वजन, किंमत, आकार आणि काम यावरून ती ठरवायची. पांघरूण आणि उशी दोन्ही तोलामोलाच्या असतील, तर नियम ३(क) प्रमाणे क्रमांकानं शेवटचं, म्हणजे ९४०४.

९६०५ मध्ये 'प्रवासी संच' असे शब्द दिसतात आणि मोह होतो. तो प्रसाधन, शिवणकाम, बूट किंवा कपडे साफ करणं यासाठीचा संच आहे. झोपायच्या सामानाचा नाही.

मालाबरोबर आलेली, त्याच्याच मापाची दोरीची पिशवी मालाच्या कोडातच जाते, नियम ५. तशाच पिशव्या वेगळ्या हजार मागवल्या तर त्यांचं वर्गीकरण वेगळं करावं लागेल.

पैशात किती फरक पडतो

दर दरवर्षीच्या अर्थसंकल्पात हलतात, म्हणून खालचा मूळ दर हिशेबापुरता धरलेला आहे. बिल भरायच्या दिवशीचा दर कस्टमच्या संकेतस्थळावर बघा. समजा ८०० लायनर आहेत आणि भाडं-विमा धरून एकेक ५०० रुपयांना पडतं. मालाची किंमत ४,००,००० रुपये. मूळ ड्युटी २० टक्के धरली तर ८०,०००. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ८,०००. झाले ४,८८,०००. यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ६३व्या प्रकरणातल्या तयार कापडी वस्तूंना, नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर, ५ टक्के दर आहे: २४,४०० रुपये. हाच माल स्लीपिंग बॅग म्हणून ९४०४ मध्ये गेला तर १८ टक्के: ८७,८४० रुपये. नुसत्या आयजीएसटीत ६३,४४० रुपयांचा फरक.

नियमित जीएसटी भरणाऱ्याला आयजीएसटीचा परतावा इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, त्यामुळे तो पैसा काही महिने अडकतो एवढंच. मूळ ड्युटी आणि अधिभार मात्र कायमचा खर्च. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे ठोक दरानं कर भरणाऱ्या, दुकानदाराला आयजीएसटीचंही क्रेडिट नाही. त्यानं हा सगळा आकडा खर्चातच धरावा.

कापडाच्या काही ओळींत दर 'इतके टक्के किंवा किलोमागे इतके रुपये, जे जास्त असेल ते' असा असतो. स्वस्त आणि जड मालाला हा दुसरा भाग लागतो. म्हणून इनव्हॉइसवर नुसते नग पुरेसे नाहीत, निव्वळ वजनही हवं. आणि भाड्याचा कागद नसेल तर एफओबी किमतीच्या, म्हणजे माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या, २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. खरं भाडं कमी असेल तर कागद जोडणं फायद्याचं.

अधिकारी माल बघत नाही, कागद बघतो

कोल्हापूरचा माल साधारणपणे न्हावा शेवा बंदरात किंवा मुंबईच्या विमान मालवाहतुकीत उतरतो. पण २०२० पासून फेसलेस पद्धत आहे: बिल तपासणारा अधिकारी देशातल्या दुसऱ्याच कस्टम केंद्रात बसलेला असू शकतो. त्याच्या हातात तुमची उशी नसते, इनव्हॉइसवरची एक ओळ असते. 'ट्रॅव्हल बेडिंग, ८०० नग' अशी ओळ गेली की शंका येते, शंकेची क्वेरी येते, आणि कंटेनर बंदरात उभा असताना रोजचं भाडं चढत राहतं.

हीच ओळ अशी असावी: 'स्लीपिंग बॅगमध्ये घालायचं लायनर, मागावरचं कापड, १०० टक्के रेशीम, रंगवलेलं, न छापलेलं, भरण नाही, शिवलेल्या कडा, २२० बाय ९० सेंटिमीटर, नगाचं वजन १४० ग्रॅम, सोबत त्याच कापडाची पिशवी.' याबरोबर दोन फोटो, एक उलगडलेला आणि एक कडेचा जवळून, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि कोड का निवडला याचं अर्ध्या पानाचं टिपण. हे टिपण आयातदारानं स्वतः लिहून कस्टम ब्रोकरला द्यावं. ब्रोकर चांगला असला तरी त्याच्याकडे रोज पन्नास प्रकारचा माल असतो.

कापडी मालाला आणखी एक कागद लागतो. काही ॲझो रंग आपल्याकडे बंदी घातलेले आहेत. निर्यात करणाऱ्या देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं, माल ते रंग न वापरता बनवल्याचं प्रमाणपत्र नसेल, तर इथं नमुने काढून तपासणी होते आणि तितके दिवस जातात. किरकोळ पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना-वर्ष, नग आणि एमआरपी छापलेलं हवं. ते लेबल कारखान्यातच लावून घेणं स्वस्त पडतं.

सवलतीच्या कराराखाली कमी ड्युटी घ्यायची असेल, तर मूळ देशाच्या प्रमाणपत्रावरचा कोड आणि तुमच्या बिलातला कोड जुळला पाहिजे. पुरवठादारानं ९४०४.३० लिहून प्रमाणपत्र काढलं आणि तुम्ही ६३०२ भरलं, तर सवलत अडते. २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे माल त्या देशात कसा बनला याची माहिती आयातदाराकडेही असावी लागते. म्हणून कोडाचं बोलणं ऑर्डर देतानाच करा.

शंका राहिलीच तर

लायनर किंवा फोमच्या चटईसारख्या वादाच्या मालासाठी आगाऊ निवाड्याची सोय आहे. कस्टमच्या आगाऊ निवाडा प्राधिकरणाचं एक कार्यालय मुंबईत आहे, शुल्क १०,००० रुपये, आणि कायद्यानं निवाडा तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो काही वर्षं चालतो, मधे कायदा किंवा मालाची रचना बदलली नाही तर. एक-दोन खोक्यांसाठी हे परवडणार नाही. वर्षाला दहा-पंधरा लाखांचा माल असेल तर जरूर करावं. निवाड्याला वेळ नसेल तर कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागता येते: बाँड देऊन माल सोडवायचा आणि वर्गीकरण नंतर ठरू द्यायचं.

चूक आपल्याच लक्षात आली तर गप्प बसू नये. कागदपत्र दुरुस्तीसाठी कलम १४९ आहे, आणि २०२५ च्या वित्त कायद्यानं कलम १८अ आणून माल सुटल्यानंतर स्वतःहून दुरुस्ती करायची वाट दिली आहे. कमी भरलेल्या ड्युटीची नोटीस एरवी दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, जाणूनबुजून खोटं लिहिल्याचा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत. व्याज वर्षाला १५ टक्के, आणि लबाडी ठरली तर दंड ड्युटीएवढा. पारदर्शक वर्णन लिहून कोड चुकला, तर तो मतभेद मानण्याला जागा राहते. 'ट्रॅव्हल बेडिंग' एवढंच लिहून स्वस्त कोड लावला असेल, तर आपल्या बाजूनं दाखवायला काही उरत नाही.

स्वतःच्या प्रवासातून कोणी एखादी बॅग किंवा पांघरूण घेऊन आलं, तर हे काहीच लागू होत नाही. प्रवाशाच्या सामानातल्या ड्युटीयोग्य वस्तू सरसकट ९८०३ या एकाच हेडिंगमध्ये जातात, रेशीम असो की फोम, आणि वापरलेलं वैयक्तिक सामान मोकळं असतं. टपालानं किंवा विमानानं स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूसाठी ९८०४. मात्र बॅगेत वीस नवी लायनर सीलबंद पाकिटांत निघाली, तर ते वैयक्तिक सामान राहत नाही. आणि परदेशातल्या हॉटेलांनी काढून टाकलेली वापरलेली ब्लँकेटं गठ्ठ्यानं स्वस्तात मिळतात म्हणून मागवू नका: ती ६३०९ मध्ये जाऊ शकतात, आणि त्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत.

प्रत्येक लॉटमधला एक नग, त्याच्या लेबल आणि पाकिटासकट, बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक लिहून पाच वर्षं बाजूला ठेवा. नोटीस आली की वाद त्या एका नगाच्या कडेवर आणि भरणावर चालतो, आणि तोवर दुकानातला बाकी सगळा माल विकला गेलेला असतो.